मावशीच्या चालीची जीप

आता जयंतीच्या मिरवणुकीपुढं भाड्याचा ट्रक असतो. ड्रायव्हर कुणाचा कोण, तो पुढं चालणाऱ्या बायांना हॉर्न मारतो. मिरवणुकीत! हे बघितलं की मला आमची जीप आठवते.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी कॉलेजात होते, कॉलनीची पत्रकं लिहायचे. जीप सगळ्यांची होती. वर्गणीतून घेतलेली, लिलावातली, निळा रंग आम्हीच फासलेला. हरसूलच्या बाजारात पत्रकं वाटायला तीच, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायलाही तीच. जयंतीला तिच्यावर भोंगा बांधायचा आणि तिच्या पुढं झेंडा घेऊन मावशीनं चालायचं, हे ठरलेलं. मावशी, म्हणजे अख्ख्या कॉलनीचीच मावशी, विड्या वळायची. त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता. पोरं म्हणायला लागली, "यंदा हिला गाडीत बसवा." ती म्हणाली, "बसून जयंती करायला मी काय पाहुणी हाय?"

त्यातच जीपचा कॅमशाफ्ट झिजला. म्हणजे इंजिनातला तो दांडा, ज्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. ते उंचवटे जसे घडवलेले, तसा गाडीचा स्वभाव. अंबडच्या गॅरेजात काम करणारा आमच्यातलाच फिटर दोन कॅम घेऊन आला. एक मूळच्यासारखाच, खालच्या वेगात थोडा जास्त ओढणारा. दुसरा रेसिंगचा, वरच्या वेगात पळवणारा.

आमच्यात ठरावाशिवाय पान हलत नसे. विहारात सतरंजीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर दोन्ही कॅम ठेवले आणि सभा भरली.

"रेसिंगचाच घाला," पोरं ओरडली. "त्र्यंबक रोडला जो तो आपल्या तोंडावर धूळ उडवून पुढं जातो."

मी उठले. "दहा माणसं घेऊन घाट चढायचाय की शर्यत लावायचीय? बाकी इंजिन आहे तेच, कार्बोरेटर आहे तोच. एकटा कॅम काय दिवे लावणार?"

"ताई, तुला क्लच कुठला नि ब्रेक कुठला ते माहीत नाय. तू पत्रक लिही."

"पेट्रोलची वर्गणी मागत दारोदार मी फिरते, तेव्हा क्लच नाही विचारलात!"

हशा झाला, पण बाजू त्यांचीच वरचढ. रेसिंगच्या ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. हात वर जाणार, तेवढ्यात बायकांतून मावशीचा आवाज आला.

"माझ्या चालीनं चालंल का रं ती?"

"चालंल की, मावशे," फिटर म्हणाला. "पळणारी गाडी हळू चालवायला काय लागतं?"

"मग दाखव."

फिटर आला होता गॅरेजमालकाच्या जीपमधून. आमच्याच जातीचं इंजिन, आत हाच रेसिंगचा कॅम. सभा तहकूब झाली आणि सगळे रस्त्यावर आलो.

मावशीनं पदर खोचला आणि पुढं चालू लागली, एक पाय ओढत. मागं जीप थंडी वाजून आल्यासारखी थडथडत होती. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन गप्प. दाबला की गाडी उडी मारायची. फिटर अर्ध्या क्लचवर झुंजत होता, जळका वास सुटला.

"अरं, अंगावर घालतो का काय!" मावशी ओरडली. पुन्हा इंजिन बंद पडलं, तेव्हा ती खिडकीशी आली. "उतर खाली. तू झेंडा धर, मी ढकलते."

फिटरसुद्धा हसला. आत जाऊन ठराव बदलला. मात्र पोरांनी सभावृत्तात 'एकमताने' लिहायला लावलं, त्याचा मला अजून राग आहे. एकमत कुठलं? डोळ्यांनी बघेपर्यंत ऐकलं नाही!

जयंतीला जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत मावशीच्या मागं निघाली. ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हताच. मी आत माइक घेऊन बसले होते. निम्म्या वाटेवर मावशी थांबली आणि बॉनेटवर हात टेकून उभी राहिली. अख्खी मिरवणूक थांबली. मी घोषणा थांबवली. गाडीत बस, असं कुणी म्हणालं नाही. एवढ्या माणसांत फक्त इंजिनाचा आवाज होता, मंद, एकसारखा.

मग तिनं बॉनेटवर थाप मारली, "चल गं," आणि झेंडा उचलला.