बिनगाडीचा महिपत

माळाच्या कोंडात, म्हणजे डोंगरावरच्या आमच्या वाडीत, एकोणतीस उंबरे आहेत आणि गाड्या एक्केचाळीस. यात मोटारसायकली आल्या, दोन मोटारी आल्या, नीलेशचा दुधाचा पिकअप आला आणि एक ट्रॅक्टरही आला, जो सहा महिने कोंबड्यांना बसायला लागतो. या एक्केचाळिसांतली एकही गाडी महिपतची नव्हती. सायकलसुद्धा नव्हती.

महिपत बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात हेल्पर होता, चोवीस वर्षं. कारखान्याची बस फाट्यापर्यंत यायची आणि फाटा कोंडापासून चार किलोमीटर खाली. गाडी न घेण्याचं कारण लोक नाना तऱ्हांनी सांगायचे. कोणी म्हणे कंजूष आहे, कोणी म्हणे त्याला चक्कर येते. खरं कारण त्याच्या बायकोला, सरिताबाईंना माहीत होतं. लग्नाच्या वर्षी मेव्हण्याची मोटारसायकल शिकताना त्याने नव्या नवरीला मागे बसवून थेट शेणखताच्या खड्ड्यात नेलं होतं. बाहेर आल्यावर सरिताबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा या यंत्राला हात लावलात तर मी माहेरी जाईन. नवऱ्याने बायकोची एवढी एकच आज्ञा तेहतीस वर्षं पाळली आणि आता ती पाळल्याबद्दल सरिताबाई त्याला रोज शिव्या घालत होत्या.

पण महिपतचं अडलं कुठेच नाही. तो रस्त्यात उभा राहून हात करत नसे. हात करणं हे नवशिक्याचं काम. तो आपला छत्री काखेत धरून चालू लागायचा आणि मागून येणारा आपणहून थांबायचा. कारण महिपत मागे बसला की गाडी चालवणाऱ्याचं तोंड सुटायचं. समोर बघत बोलायचं, ऐकणारा पाठीमागे, डोळ्याला डोळा नाही. माणसं काय काय ओकायची! मोटारवाल्या भरतने लग्नाआधीच्या मैत्रिणीचा फोन नंबर अजून कुठल्या नावाने ठेवलाय, नीलेशच्या दुधात विहिरीचा वाटा किती, कोणाच्या सुनेचं आणि सासूचं कशावरून वाजलं, सगळं महिपतच्या पोटात होतं. त्याचे नियम दोनच. ज्याच्या गाडीत बसलो त्या गाडीला नाव ठेवायचं नाही, आणि गाडीत ऐकलेलं खाली उतरवायचं नाही. तेहतीस वर्षांत एक शब्द खाली उतरला नव्हता. त्यामुळे कोंडातली निम्मी माणसं त्याच्यावर जीव टाकायची आणि उरलेली निम्मी त्याला जपून असायची.

गाड्या तर तो आवाजावरून ओळखायचा. बिरवाडीच्या नाथूची पांढरी जीप, जिच्यातून तो पहिल्या पाळीला बस चुकली की जायचा, तिची मागच्या सीटची फाटलेली जागा लाल चिकटपट्टीने बांधलेली होती, आणि डावीकडचं मागचं दार आतून उघडत नसे, बाहेरूनही उघडत नसे. हँडलच्या खाली दोन बुक्क्या घालून दार किंचित वर उचललं तरच ते माणसात यायचं. ही विद्या जगात दोघांनाच होती, नाथूला आणि महिपतला.

असं सगळं बरं चाललेलं असताना त्याचा मुलगा सुशांत एकतीस वर्षांचा झाला.

सुशांत एका औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. पगार बरा, नाक-डोळे बरे, केस जात चाललेले पण अजून सांगण्यासारखे. तरी दोन स्थळं आली आणि गेली. पोलादपूरकडच्या पहिल्या मुलीच्या आईने अंगण पाहिलं आणि विचारलं, "गाडी कुठं लावता?" दुसऱ्या मुलीच्या मामाने तर गोठ्यातही डोकावून पाहिलं. निरोप दोघांचाही एकच आला, पत्रिका जमत नाय. पत्रिका कोणीच कोणाला दिली नव्हती.

आता तिसरं स्थळ होतं हिरकणीवाडीच्या मुरारीच्या मुलीचं. समीक्षा महाडला औषधांच्या दुकानात होती. तिची आणि सुशांतची दोनदा एसटी कॅन्टीनमध्ये भेट झाली होती आणि तेव्हापासून सुशांत भाकरी अर्धी टाकून उठत होता. सुशांतने आईला सांगून टाकलं होतं की हेही गेलं तर तो मुंबईला चुलत्याकडे निघून जाईल, परत यायचा नाही. महिपत हे पडवीतून ऐकत होता. त्या दिवसापासून फाट्यावरून वर येताना त्याला पहिल्यांदाच दम लागू लागला.

मुलीकडचे रविवारी घर बघायला येणार होते. शुक्रवारी सुशांत बापाजवळ येऊन बसला.

"बाबा, भरतदादाची गाडी रविवारी आपल्या अंगणात उभी राहील."

"कशाला?"

"इम्प्रेशन पडतं ओ. तुमी फक्त काय बोलू नका."

"माझी हाय असं मी सांगणार नाय."

"सांगू नका. नुसती उभी राहू दे."

"उभा राहायला रेडा पण राहतो," महिपत म्हणाला. पण पोराचा चेहरा बघून त्याने मान हलवली. लगेच त्याला स्वतःची लाज वाटली आणि आपल्याला लाज वाटली याचा रागही आला.

भरतच्या बायकोने शनिवारी नळावर ही गोष्ट अगदी गुप्तपणे सांगितली. नळावर तेव्हा सतरा बायका होत्या.

रविवारी सकाळी नऊला महिपत पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेला, अर्थात चालत. फाट्यावर नवीन माणूस हमखास चुकतो आणि धरणावर जाऊन बसतो. निघताना त्याने आईच्या खाटेजवळ जाऊन पाहिलं. रखमाबाई सत्त्याऐंशीच्या होत्या. आठवडाभर तापाने पडून होत्या आणि आदल्या दिवशी त्यांनी पेजही नको म्हटली होती. त्याने कपाळाला हात लावला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. महिपत निघाला खरा, पण त्याचा जीव खाटेपाशीच राहिला.

पावणेदहाला पाहुण्यांची जीप आली. पांढरी. आवाज ऐकताच महिपतने छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. नाथूची!

मुरारी स्वतः चालवत होता, म्हणजे गिअरशी कुस्ती खेळत होता. गडाच्या पायथ्याला त्याची झुणका-भाकरीची टपरी होती. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. मागे त्याची आई ठकूबाई, लाल चिकटपट्टीवर बसलेली. मुरारीने उतरून मागचं डावं दार ओढून पाहिलं, मग हसून म्हणाला, "तुमी पुढंच बसा, पाव्हणं. मागं आय ऐसपैस बसलीय."

महिपत पुढे बसला.

"आपलीच हाय," मुरारी स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाला. "दोन वर्सं झाली घेतली. आजच्या जमान्यात गाडीबिगर माणूस म्हंजे काय खरं नाय."

"खरं हाय," महिपत म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला.

शेवटच्या वळणावरून महिपतचं घर दिसतं. वळण आलं आणि महिपत सीटवरून पुढे झुकला. अंगणात गाड्याच गाड्या होत्या. दोन्ही मोटारी, दहा-बारा मोटारसायकली, आणि कोंबड्या झटकून आणलेला ट्रॅक्टर. कोंडात एका दारात इतक्या गाड्या दोनच प्रसंगी लागतात, आणि लग्न असेल तर मांडव असतो. मांडव नव्हता. माणसंही बाहेर दिसत नव्हती.

"आये!" महिपत ओरडला. जीप धड थांबायच्या आत त्याने उडी मारली. छत्री गाडीतच राहिली. अंगणात येऊन तो तुळशीपाशी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "आये, कालची पेज तरी खायची होतीस गो!"

ठकूबाई मयतींना गेलेली अनुभवी बाई. तिने पाहिलं, समजली, उजव्या दाराने खाली उतरली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि असा काही गळा काढला की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. घरात सरिताबाई पोह्यांवर खोबरं घालत होत्या. बाहेर नवऱ्याचं आणि कोणा बाईचं रडणं ऐकून त्यांना वाटलं, येताना पाहुण्यांतलंच कोणीतरी गाडीत गेलं. त्या खोबऱ्याच्या हाताने बाहेर धावल्या आणि ठकूबाईच्या गळ्यात पडल्या. दोघींची त्याआधी ओळख नव्हती.

नेमका त्याच वेळी नीलेश आपला दुधाचा पिकअप घेऊन आला. त्याला उशीर झाला होता. त्याने पिकअप जीपच्या उजव्या अंगाला अगदी चिकटवून लावला, रडणं ऐकलं, पलीकडच्या दाराने उतरला आणि कपाळावर हात मारून किल्लीसकट खालच्या वाडीकडे पळत सुटला. बांबू सांगायला. तिरडीचे बांबू खालच्या वाडीतूनच येतात.

रडणं ऐन भरात आलं तेव्हा पडवीच्या खांबाला धरून रखमाबाई उभ्या राहिल्या.

"कोण मेलं गो?" त्यांनी विचारलं.

रडणं मधेच तुटलं. महिपतने आईकडे पाहिलं. मग तो उठला, धावत गेला आणि तिच्या पायांना मिठी मारून पुन्हा रडला. या वेळचं रडणं वेगळं होतं. "सोड, पडेन," रखमाबाई म्हणाल्या. "आणि पेज दे कोणतरी."

मुरारीने घाम पुसला. अंगणभर नजर फिरवली.

"कोण गेलं नाय, मग ह्या गाड्या कुणाच्या?"

सुशांत दारात उभा होता, पांढराफटक. भरतकडे मागितली होती एक. पण नळावरून निघालेली गोष्ट घरोघर गेली होती आणि प्रत्येकाने मनात म्हटलं होतं, महिपतसाठी एवढं तरी करावं. महिपत फाट्याकडे गेल्यावर प्रत्येकजण एकेकटा आला, दुसऱ्याची गाडी उभी बघून थोडा चक्रावला, तरी आपली लावून चालत शेतावर गेला. घरात चुलीपाशी अडकलेल्या मायलेकांना वाटलं होतं, जितक्या जास्त तितकं बरं.

"यांतली तुमची कुठली?" मुरारीने विचारलं.

सुशांतने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत नुसती विनवणी होती. एक बोट दाखवायचं होतं, बस.

"एक पण नाय," महिपत म्हणाला. "माझ्याकडं गाडी नाय. कधीच नव्हती. ह्या शेजाऱ्यांच्या. तुमाला बरं वाटावं म्हणून लावल्या."

मुरारी भडकला. नऊ वाजल्यापासून गिअरवर आवरून धरलेला राग त्याने इथे मोकळा केला. "म्हंजे फसवणूक! दुसऱ्याच्या गाड्या दाखवून माझी पोर नेणार व्हय तुमी? खोट्याच्या दारात मी पाणी पण पिणार नाय. आय, चल!"

महिपत ऐकत उभा राहिला. एक वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं आणि ते बोललं असतं तर मुरारीचा कडक शर्ट जागच्या जागी चुरगळला असता. सुशांत भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याची पाठ बघून महिपतला ते वाक्य बोलावंसं फार वाटलं. त्याने ते गिळलं.

मुरारी आईचा हात धरून जीपशी गेला. उजवीकडे नीलेशचा पिकअप चिकटून उभा. पुढच्या दाराचं त्याला रागात सुचलंच नाही. त्याने मागचं डावं दार ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं. मग लाथ घातली. ठकूबाई उन्हात उभी, गुडघे धरून.

महिपतला राहवलं नाही. म्हातारं माणूस उन्हात उभं, एवढंच त्याने पाहिलं. तो पुढे झाला, हँडलखाली दोन बुक्क्या घातल्या, दार किंचित उचललं आणि उघडून धरलं. "बसा, आये. लाल पट्टीवर बसू नका, लुगड्याला चिकटते."

मग त्याच्या लक्षात आलं, आपल्या हाताने काय केलं ते. त्याने मान खाली घातली.

मुरारी दाराकडे बघत राहिला, मग महिपतकडे.

"तुमी... ही गाडी कवा वळखलीत?"

महिपत हँडलवरची धूळ पुसू लागला.

"बोला की."

"फाट्यावर," महिपत पुटपुटला. "आवाजावरनं."

"मी दोन वर्सं झाली म्हटलं, तवा माहीत होतं?"

"हूं."

"आणि आता मी एवढं सगळ्यांदेखत बोललो, खोटं म्हटलं, तवा पण गप्प बसलात?"

"गाडीत ऐकलेलं मी खाली उतरवत नाय," महिपत म्हणाला. "नाथूची गाडी चांगली हाय."

ठकूबाईने जीपचं दार स्वतः ढकलून लावलं आणि डोक्यावरचा पदर मागे घेतला.

"मुरारी, चप्पल काढ," ती म्हणाली. "पोट एवढं खोल असलेल्या माणसाच्या घरात माझी नात कधी चुकली, तरी तिची चूक चारचौघांत जायची नाय. मला असंच घर पायजे होतं. माझ्या लग्नात हे कुणी बघितलं नव्हतं." ती पडवीची पायरी चढली आणि सरिताबाईंना म्हणाली, "तुमच्या हाताचं खोबरं माझ्या मानेवर हाय गो. पोह्यांत काय उरलंय का?"

मुरारीने चप्पल काढली. सुशांत भिंतीकडून वळला, पाणी आणायला आत गेला आणि तांब्याऐवजी कपबशी घेऊन आला. मुरारीने कपबशीतून पाणी पिऊन घेतलं.

पोहे संपत आले तेव्हा खालच्या रस्त्याने नीलेश येताना दिसला. मागे आठ माणसं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, चेहरे सुतकी, खांद्यावर दोन लांबलचक हिरवे बांबू. अंगणात येऊन त्यांनी बघितलं तर सगळी मंडळी चहा पीत होती आणि जिच्यासाठी बांबू आणले ती खाटेवर बसून पेज ओरपत होती. माणसं खांद्यावर बांबू घेऊन तशीच उभी राहिली.

रखमाबाईंनी वाटी खाली ठेवली, हाताने तोंड पुसलं आणि बांबू न्याहाळून पाहिले.

"सरळ हायत," त्या म्हणाल्या. "तुळशीमागं ठेवा रे. मांडवाला लागतील."