चाळीस बसगाड्यांना प्रदक्षिणा

पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर जेवढ्या म्हणून गाड्या धावतात, तेवढ्या सगळ्यांना आमच्या मामेसासऱ्यांनी एकदा तरी प्रदक्षिणा घातलेली आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आमच्या घरात नवस, उपास, फेऱ्या यांतलं काही चालत नाही. दारात आलेल्याला 'जय भीम' म्हणायचं आणि चहा टाकायचा, एवढाच काय तो आमचा विधी. मामाही त्यातलेच. पण गाडी समोर आली की त्यांचे पाय आपोआप वळतात. रिक्षा असो, बस असो, भाच्याची नवी कोरी मोटार असो, पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मग मागून वळसा, आणि शेवटी पुढच्या काचेसमोर उभं राहून तिच्याकडे असं रोखून बघायचं की काचेनं स्वतःहून गुन्हा कबूल करावा. एवढं झाल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नाहीत. एकदा माझ्या व्हॅनमध्ये पेट्रोल भरून झालं, मी किल्ली फिरवली, तर मामा पुन्हा फेरीला गेलेले. मागच्याने हॉर्न वाजवून पंप डोक्यावर घेतला. "मामा, घरून निघताना बघितली होती की!" मी ओरडलो. "तेव्हा बघितली होती, जावई," मामा शांतपणे म्हणाले, "त्यानंतर पुढून खडीचे चार डंपर गेले."

मामांच्या शर्टाच्या खिशात रुपयाचं एक जुनं नाणं असतं. ते खर्चायचं नाही, मोजायला वापरायचं. खडी लागून काचेचा टवका उडाला की मामा त्यावर नाणं ठेवतात. टवका नाण्याखाली झाकला तर दुरुस्त होईल, बाहेर डोकावला तर काच बदला. हा नियम आमच्या काच दुरुस्तीच्या धंद्यातला आहे आणि बहुतेक वेळा खराही ठरतो; पण तो काचेपुरता ठेवला असता तर ते मामा कसले? शर्टाला भोक पडलं, ठेव नाणं. बशीचा कोपरा उडाला, ठेव नाणं. दंडावर गळू झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "केवढं आहे?" तर मामांनी नाणं काढून वर धरलं आणि म्हणाले, "आत बसतंय. बदलायची गरज नाही."

माझ्या मेहुण्याच्या लग्नात तर नवरदेवाच्या गाडीवर फुलांच्या माळेखाली त्यांना टवका सापडला. झालं! फुलं उतरली, नवरदेव उतरला, करवल्या उतरल्या. नव्या सफारी सुटात मी बॉनेटवर ओणवा होऊन टवक्यात रसायन भरतोय, वरून खास दिवा लावून ते सुकवतोय, आणि मामा शेजारी उभे राहून "घाई नको, घाई नको" म्हणताहेत. अर्धा तास वरात रस्त्यात. नवरीकडच्या एका आजीबाईंना वाटलं, हा आमच्याकडचा काहीतरी रिवाज असणार. त्यांनी पुढे येऊन माझ्या हातावर अकरा रुपये ठेवले.

टवका उडाला की त्यात धूळ आणि पाणी शिरायच्या आत वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची, हा मामांचा दुसरा नियम. त्यासाठी ते पट्टीची गुंडाळी बाळगतात आणि ती लावताना गाडी कुणाची आहे असल्या क्षुल्लक गोष्टीत पडत नाहीत. चिंचवड स्टेशनच्या पार्किंगमध्ये एका परक्या माणसाच्या मोटारीवर पट्टी चिकटवताना मालकाने त्यांचं मनगट पकडलं. "काय करताय?" "तुमचे पैसे वाचवतोय," मामा म्हणाले, "आता हात सोडा, हवेचा बुडबुडा राहिलाय." तो माणूस दोन दिवसांनी काळेवाडीत माझं दुकान शोधत आला आणि आजही येतो.

आता त्या दुकानाविषयी. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांना काचा बसवण्याच्या लाइनवर होतो. कंत्राट संपलं तेव्हा कुणाचं ऐकण्याचा माझा स्वभाव नसल्यामुळे मी दुसरी नोकरी धरली नाही, काळेवाडीत एका शटरचं काच दुरुस्तीचं दुकान टाकलं. मामा नुकतेच निवृत्त झाले होते. पूर्वी ते एका कंपनीच्या ट्रान्सपोर्ट खात्यात कारकून होते, एवढंच मला माहीत होतं. उद्घाटनाला आले ते चहा पिऊन परत गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी शटरपाशी हजर.

या धंद्यात एकेक मोटारवाल्यावर पोट भरत नाही. पोट भरतं ते ज्यांच्याकडे एकगठ्ठा गाड्या असतात त्यांच्यावर. कामगारांची ने-आण करणारे बसवाले, कॅबवाले, ट्रान्सपोर्टवाले. तसा अकरा कॅबचा एक मालक निगडीत मला मिळालाही होता. मी एका टवक्याला इतके असा भाव दिला, तोही सगळ्यांत कमी, आणि आनंदाने पेढे वाटले. पण वर्दी यायची ती तडा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्यावरच. तिथे दुरुस्ती कसली करणार? तीन महिन्यांत मालक म्हणाला, "भाऊ, तुमचा उपयोग काय?" मी घरी येऊन ड्रायव्हरांना शिव्या घातल्या. मामा म्हणाले, "भाव कमी लावलात म्हणून नाही गेलं. न बघता लावलात म्हणून गेलं. भाव ऑफिसात ठरत नसतो जावई, पार्किंगमध्ये ठरतो." तेव्हा मला हे म्हातारपणाचं चऱ्हाट वाटलं होतं.

मग अण्णांचं काम निघालं. अण्णा चाकणकडचे, मूळ शेतीवाले. आता त्यांच्या चाळीस बसगाड्या कंपन्यांच्या शिफ्टला लागल्या होत्या. ते काम मिळालं असतं तर दुकान तरलं असतं. नाही मिळालं तर माझा जुना सुपरवायझर एक जागा धरून बसला होता, आणि "सोमवारी येतोस की दुसऱ्याला घेऊ?" असा त्याचा निरोप आला होता. बायकोने एवढंच सांगितलं होतं, "हे झालं नाही तर शटर ओढा आणि कंपनीत जा. मी काही बोलणार नाही." ती काही बोलणार नाही म्हणाली की प्रकरण गंभीर असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही अण्णांच्या यार्डात गेलो. पहिल्या शिफ्टची माणसं सोडून बसगाड्या येऊन उभ्या होत्या. मला थेट ऑफिस गाठायचं होतं. मामा पहिल्या बसच्या डाव्या चाकाकडे वळले. चाळीस बसगाड्या, चाळीस फेऱ्या! मी घड्याळ बघून दात खातोय, आणि मामांनी तिसऱ्या बसच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' हे स्टिकर नखाने हळूच उचललं. खाली टवका. चौथ्या बसला लिंबू-मिरची, मागे टवका. पुढे प्लास्टिकच्या फुलांची माळ, तिच्या आड टवका. एकाने तर झेंड्याच्या स्टिकरवर दुसरं झेंड्याचं स्टिकर लावलेलं. फक्त पहिल्या बसच्या काचेला टेकवलेला अण्णांच्या दिवंगत वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो होता. त्याला मामांनी हात लावला नाही, नुसते हात जोडले.

तेवढ्यात एक वयस्क ड्रायव्हर धावत आला. "मामा, चिकटवा परत. पाया पडतो. मालक काचेचं पगारातनं कापतो." बाकीचे लांब उभे राहून बघत होते. मामांनी एकेक स्टिकर होतं तसं, कोपऱ्याला कोपरा लावून परत चिकटवलं. मग ते ऑफिसकडे निघाले.

आत अण्णांनी विचारलं, "बोला, एका टवक्याला किती? दोघं येऊन गेल्यात तुमच्या आधी." मी माझं कोटेशन पुढे केलं. मामांनी ते वाटेतच घेतलं, चार घड्या घातल्या आणि नाण्याच्या खिशात ठेवलं.

"टवक्यावर भाव नाही," ते म्हणाले. "दर बसमागं महिन्याला ठरलेली रक्कम. खडी लागो, न लागो. आमची माणसं दर आठवड्याला येऊन चाळीसच्या चाळीस काचा बघतील, सापडेल तो टवका भरतील. आणि एक अट. काचेसाठी ड्रायव्हरचा पगार कापायचा नाही."

अण्णा आधी हसले, मग थांबले. "म्हंजी काच फुटली न्हाई तरी बी मी पैशे द्यायचे? आन वर ड्रायव्हर मोकळा सोडायचा? त्येला धाक नगं व्हय?"

मामा एवढंच म्हणाले असते की तुमचे ड्रायव्हर टवके लपवतात, चला दाखवतो, तर काम तिथल्या तिथे आमचं झालं असतं. मला ते दिसत होतं. माझ्या जिभेवरही आलं होतं. मामांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

"अण्णा, मी कंपनीत कपातीच्या चिठ्ठ्या लिहायचो," ते म्हणाले. "काच फुटली की ड्रायव्हरच्या नावानं चिठ्ठी. पहिल्या वर्षी लिहून लिहून हात दुखायचा. दुसऱ्या वर्षी एकही नाही. साहेब म्हणाले, बघा, धाकानं माणसं सुधारली. मलाही तसंच वाटलं. मग एक दिवस सकाळच्या उन्हात आमची बस खड्ड्यात आदळली. जुना टवका होता, त्याचा तडा सर्रकन ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर गेला. उन्हात सगळी काच पांढरी. बस दुभाजकावर चढली. रिकामी होती म्हणून बरं. ड्रायव्हरचा पाय गेला. तो टवका त्यानं दोन महिने लपवून ठेवला होता. कशाखाली, ते विचारू नका. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर शुद्धीवर आल्यावर मला पहिलं काय म्हणाला? 'साहेब, चिठ्ठी लिहू नका.'"

अण्णा म्हणाले, "इचार करून सांगतो." धंद्यात याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

परतीच्या वाटेवर मी नको ते बोललो. वास्तविक मामांनी एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी नुकतीच ऐकली होती. ते प्रत्येक गाडीभोवती का फिरतात हे मला नुकतंच कळलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त सोमवार होता. "तुमचं पाप धुवायला माझंच दुकान सापडलं का? बुडवलंत तुम्ही मला," असं मी मोशीच्या सिग्नलवर त्यांना म्हणालो. मामा काळेवाडीत उतरले, व्हॅनला एक फेरी घातली, काच बघितली आणि घरी गेले. ती फेरी मला अजून दिसते.

रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला. "म्हातारा कुटं हाय? त्येला घिऊन या. तुमी बी या." आम्ही पोचलो तर चाळीस बसगाड्यांच्या काचा धुतल्यासारख्या उघड्या, आणि टेबलावर स्टिकरांचा, माळांचा, लिंबांचा ढीग. अण्णांच्या हातात वडिलांचा फोटो. "म्हाताऱ्या, तू सांगितलं न्हाईस, पर मी काय येडा हाय व्हय? समदं सोलून काढलं. आन ह्ये बघ! माझ्या बापाच्या फोटूमागं तीन टवके! बाप माझा, काच माझी, आन लपवालपवी ह्यांची!" ते इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "त्या बसच्या ड्रायव्हरला काय बोललात?"

"काय बोलनार?" अण्णा फोटोची काच शर्टाला पुसत म्हणाले. "माझा बापच मधी पडला की. कपात बंद. तुमचा महिन्याचा भाव बोला."

पहिल्या महिन्यात रसायनाचे पैसेही निघाले नाहीत, इतके टवके निघाले. दुसऱ्या महिन्यात बरोबरी झाली. तिसऱ्यापासून ड्रायव्हरच फोन करून बोलावू लागले, "मामा, बारीक लागलंय, पट्टी लावून ठेवलीय," आणि आडवा गेलेला तडा मग कधीतरीच दिसायला लागला. अण्णांच्या शब्दावर आणखी तिघा बसवाल्यांची कामं आली. आज दुकानाची दोन शटरं आहेत, आणि कुठल्याही कोटेशनमध्ये भावाच्या वर पहिली ओळ असते ती मामांच्या अटीची. त्या ओळीपायी काही कामं जातात. जाऊ देत.

अलीकडे मामांची नजर मंदावली आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं करायचं म्हटलं की ते नाणं काढतात. फेरी चुकत नाही, फक्त आता एक हात गाडीवर ठेवून हळूहळू चालतात आणि मी उगाच काहीतरी काम असल्यासारखा मागून चालतो. परवा अण्णांच्या यार्डात त्यांनी एका बसची काच निरखली, तळहात फिरवला आणि म्हणाले, "साफ आहे." साफ नव्हती. डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा टवका होता. मी "हो मामा" म्हणालो, ते पुढच्या बसकडे वळल्यावर मागे येऊन गुपचूप पट्टी लावली, आणि स्वतःवर खूश झालो.

परत येताना मोशीच्या सिग्नलला व्हॅन थांबली. मला ती जागा कधीच नुसती ओलांडता येत नाही. इतकी वर्षं राहून गेलेलं शेवटी मी बोलायला घेतलं. "मामा, त्या शुक्रवारी मी इथे जे बोललो..."

"मघाच्या त्या बसला डाव्या कोपऱ्यात होतं ना? पट्टी फाडल्याचा आवाज आला," मामा समोर बघत म्हणाले.

मी म्हणालो, "हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मग सांगायचं होतं," मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, त्या दिवशी टेबलाखाली ठेवला होता तसाच. "मी काय तुमचा पगार कापणार होतो का, जावई?"