पोटाखालचा कनेक्टर

नात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात मोबाइल घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, डीबगर कुठला घेऊ? हा स्वस्त आहे, पण याच्याबरोबर नुसत्या सुट्ट्या वायरी येतात. आणि हा महाग आहे, पण चपटी केबल आहे, खाचेचा कनेक्टर आहे."

"खाचेचा घे," मी म्हटलं. "खाच असली की उलटा बसत नाही."

"तुझ्या वेळी होता असा?"

"होता की. खाच होती, केबल होती, सगळं होतं. अक्कल तेवढी मागवायची राहिली होती."

ती हसली आणि ऑर्डर देऊन मोकळी झाली. मी तिला माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात आमच्या जुन्या कंट्रोलरचं एक बोर्ड आहे. तिने ते हातात घेतलं, उलटं केलं, आणि भुवया वर गेल्या. "आजी, कनेक्टर खालच्या बाजूला? का?"

तिला काय सांगितलं ते नंतर. आधी खरं काय ते लिहिते.

मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी रेडिओच्या कारखान्यात अठरा वर्षं शेजारीशेजारी बसलो. बोर्डाची पाठ वर करून सोल्डरचे डाग तपासायचे, कच्चा असेल तर पुन्हा द्यायचा, हे आमचं काम. त्याआधी डिप्लोमाच्या आमच्या वर्गात मुली दोनच होत्या, म्हणून मैत्री झाली. मग डबाही एकच झाला, कारण तिची भाजी चांगली आणि माझ्या पोळ्या बऱ्या. पुढे बाहेरचा माल मोकळेपणी येऊ लागला, दुकानांत चकचकीत परदेशी रेडिओ दिसू लागले, आणि कारखान्याने आमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. स्वेच्छा कोणाची ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही दोघी बेचाळिशीच्या. घरच्यांनी सांगितलं, आता आराम करा. आम्ही सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरची खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली.

करायचं काय, ते पुण्यात राहणाऱ्याला सुचण्यासारखंच होतं. सोसायट्या वाढत होत्या, नळाला पाणी दोन तास, आणि मोटर चालू-बंद करायला ठेवलेला माणूस नेमका त्याच दोन तासांत चहाला गेलेला. आम्ही मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड करायचं ठरवलं: खालच्या टाकीत पाणी आलं की मोटर चालू, वरची भरली की बंद, खालची रिकामी झाली तरी बंद.

डीबगर निवडायला मी तीन आठवडे घेतले. एवढा वेळ मी नवरा निवडायलाही घेतला नव्हता. डीबगर म्हणजे एक छोटी डबी. एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं टोक दहा तारांच्या चपट्या केबलने बोर्डाला. चिपमधला प्रोग्रॅम एकेक पाऊल थांबवून आत काय चाललंय ते दाखवते. त्याआधी आम्ही प्रोग्रॅम चिपमध्ये भरायचो, चालला नाही की चिप काढून निळ्या दिव्याखाली पुसायला ठेवायचो, आणि पुन्हा अंदाज. त्यामुळे त्या डबीची मला देवापेक्षा जास्त आस लागली होती. मैत्रीण म्हणायची, "अगं, साध्या उभ्या पिना लाव, पासोड्या विठोबापाशी बाजारात किलोवर मिळतात." मी म्हटलं, "नाही. पेटीचा कनेक्टर, एका बाजूला खाच. सोसायटीच्या अंधाऱ्या पंपघरात गुडघ्यावर बसून केबल लावायची वेळ आली तर उलटी लागता कामा नये." मोठ्या रुबाबात बोलले होते. खाचेवर व्याख्यान देणाऱ्या त्या बाईला आज दोन चापट्या माराव्याशा वाटतात.

कारण बोर्डाचं ड्रॉइंग मीच काढलं. बाकी भाग कॉम्प्युटरमध्ये तयार होते, हा कनेक्टर नव्हता. तो मी हाताने काढला. आणि अठरा वर्षं बोर्डाची पाठच बघितलेली बाई कनेक्टर कसा काढणार? पाठीकडून दिसतो तसा. पन्नास बोर्डं छापून आली. आम्ही पेढे आणले, केबल लावली, आणि डीबगरचा दिवा काही लागेना. मैत्रिणीने बोर्ड उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अगं बाई! आरशातला काढलास!"

पन्नास बोर्डं टाकून देणं शक्य नव्हतं. उपाय तिनेच शोधला: कनेक्टर खालच्या बाजूने बसवला की सगळ्या पिना जागच्या जागी येतात. म्हणजे कनेक्टर बोर्डाच्या पोटाखाली. मग बोर्ड पेटीत सपाट बसेना, म्हणून त्याखाली उंच पितळी पाय. दिवा लागला. पहिल्यांदा मोटर नीट बंद झाली त्या दिवशी मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. मोटर बंद झाली की डीबगर जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोमन अक्षरांत यायचं: "चहा ठेव." ठेवायची तीच. माझा चहा तिला पाणचट वाटायचा.

गिऱ्हाईक विचारायचं, हे खाली कशाला? मी तोंड वर करून सांगायचे, "मुद्दाम. वर धूळ बसते." आणि धूळ या शब्दावर ती पाठीमागे खोकायला लागायची. पुढच्या खेपेला ड्रॉइंग सुधारता आलं असतं, पण तोवर धुळीची थाप मी इतक्या जणांना मारली होती की मागे येणं कमीपणाचं वाटलं. थाप आमच्या दोघींत राहिली. मला वाटायचं, हीच आमची भागीदारी. कागद कुठलाच केला नव्हता.

दोन वर्षांनी ती म्हणाली, "मी थकले गं. सगळं जग सॉफ्टवेअरकडे चाललंय. दिराचं ऑफिस आहे, तिथे टेस्टिंगला बसते. एसी आहे." मी रडले, ती रडली. जाताना म्हणाली, "मला पहिलं बोर्ड दे ना. आठवण म्हणून." मी ते पहिलं, दिवा लागलेलं, चिपसकट बोर्ड खणाच्या कापडात गुंडाळून, वर हळदीकुंकू लावून तिच्या ओटीत घातलं. चिपला कुलूप लावायची सोय असते, म्हणजे आतला प्रोग्रॅम कोणाला वाचता येत नाही. मी लावलं नव्हतं. कोणापासून लावायचं?

ती गेल्यावर काम मी एकटीने चालवलं. एक दोषही सापडला. वीज खाली-वर झाली की चिप अधूनमधून गोठायची, आणि मोटर चालू असताना गोठली तर मोटर चालूच राहायची, टाकीत पाणी असो वा नसो. चिपमध्ये एक पहारेकरी असतो. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात हजेरी दिली नाही तर तो चिप पुन्हा सुरू करतो. त्याला मी कामाला लावलं, आणि आमच्या सगळ्या सोसायट्यांत जाऊन नवा प्रोग्रॅम भरून आले. तिला फोन करून सांगितलंही, "अगं, आपला दोष सापडला!" ती म्हणाली, "हो का? छान." एवढंच. मला वाटलं, एसीत बसून गार झाली असेल.

वर्षभराने येरवड्याहून एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. निवृत्त गृहस्थ, आवाज कोरडा.

"मॅडम, आपला कंट्रोलर बंद पडलाय. मोटर कोरडी चालून जळाली. दुसऱ्यांदा. नवी बसवलीय, पण या कंट्रोलरवर चालवायची हिंमत होत नाही."

"आमचा नाही हो. येरवड्यात आम्ही एकही दिलेला नाही."

"मग आपल्या जुळ्या बहिणीचा असेल. आमच्या मेव्हण्यांच्या सोसायटीत आपला आहे, तो आणि हा एकसारखाच चालतो. ज्यांनी बसवला ते चार दिवस फोन उचलत नाहीत. आपण येणार का? येणार असाल तर लवकर या, आणि आमच्यापासून जरा लांब उभ्या राहा. अंघोळी झालेल्या नाहीत."

मी गेले. पेटी वेगळी, निळी, लेबल सुबक इंग्रजी. झाकण काढलं. आत बोर्ड उंच पितळी पायांवर उभं. मी ते पाय बघत राहिले. मग चार स्क्रू काढले आणि बोर्ड उलटं केलं. पोटाखाली पेटीचा कनेक्टर. खाच आतल्या बाजूला, आमच्यासारखीच.

पहिला विचार काय आला सांगू? बिचारं कोणीतरी माझ्यासारखंच चुकलं. खरंच! क्षणभर मला त्या अनोळखी माणसाची कणव आली. इतकी मी बावळट.

सेक्रेटरी म्हणाले, "ते खाली आहे म्हणून घाबरू नका. मुद्दाम दिलंय. त्या मॅडमनी सांगितलं, वर धूळ बसते. परदेशात असंच असतं म्हणे."

परदेशाची भर तिची स्वतःची. बाकी थाप माझी, शब्दासकट.

मी केबल लावली. ती बसली. खाच खाचेत, टक्क. कधीकाळी या आवाजाचा मला केवढा अभिमान होता! डीबगरचा दिवा लागला. कुलूप तिनेही लावलं नव्हतं. प्रोग्रॅम पाऊल पाऊल पुढे नेला, मोटर बंद होण्याच्या जागी आला, आणि मी घेऊन गेलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर, येरवड्याच्या पंपघरात, परक्या बोर्डातून अक्षरं उमटली: "चहा ठेव."

"काय झालं? जळलं का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही. चालतंय," मी म्हटलं.

मी बाहेर येऊन जिन्यावर जरा बसले, मग वर जाऊन तिला फोन लावला. सेक्रेटरींच्या घरून, त्यांच्या देवघराशेजारच्या फोनवरून. तिने उचलला. माझा आवाज आणि येरवड्याचं नाव ऐकून म्हणाली, "अगं, ते आपण दोघींनीच केलं होतं ना? माझं काहीच नव्हतं त्यात?"

"होतं की. अर्धं होतं. मागितलं असतंस तर सगळं दिलं असतं."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच नाही मागितलं. तुझ्याकडून घेतलं की जन्मभर तुझं घेतलं असं वाटत राहतं."

"आणि दोष सापडला म्हणून फोन केला होता मी तुला. तेव्हा तरी विचारायचंस, कसा काढला."

"कोणत्या तोंडाने विचारू?"

मी फोन ठेवला. माझ्याकडून घेताना तिला असं वाटायचं, हे वीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. डाग कच्चा आहे का हे मी लांबून ओळखायचे म्हणे.

पंपघरात परत आले. केबल लागलेलीच होती. एक कळ दाबली असती तर चिप कोरी झाली असती, आणि सेक्रेटरींना सांगता आलं असतं, माल खराब होता, आमचा घ्या. मी कळीवर बोट ठेवलंही होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एक बाई कळशी घेऊन उतरल्या आणि म्हणाल्या, "ताई, आज येईल ना हो पाणी? बाळंतीण आहे घरात."

मी त्यांच्याकडे बघितलं, कळीकडे बघितलं, आणि पहारेकऱ्यासकट माझा नवा प्रोग्रॅम भरला. माझा नीट केलेला, दोष काढलेला, तिच्या बोर्डात. चोरायला आलेल्याला दाराची किल्ली करून द्यावी तसा. फक्त भरायच्या आधी एक ओळ बदलली. "चहा ठेव" काढलं आणि लिहिलं: "माझा चहा मी ठेवीन." पुन्हा कधी कोणी त्या बोर्डात डोकावलं तर वाचेल. तिनेच डोकावायला हवं असं काही नाही, पण दुसरं कोण डोकावणार होतं?

तिने वाचलं की नाही, कळलं नाही. तिचा फोन आला नाही, मी केला नाही. ती बोर्डं दिराच्या कंपनीच्या नावाने विकली जात होती; कंपनीने पुढे ते काम बंद केलं असं कानावर आलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी तयारीही केली होती, पण झाला नाही.

त्यानंतरच्या खेपेला मी कनेक्टर सरळ काढून वर बसवला. उंच पितळी पाय काढून टाकले. बोर्ड पेटीत सपाट बसलं, अगदी शहाण्यासारखं. एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मॅडम, आता धूळ नाही का बसत?" मी म्हटलं, "बसते. पुसत जा."

तर नात विचारत होती, कनेक्टर खाली का. तिच्या डोळ्यांत मला माझी हुशारी दिसत होती. आजी म्हणजे कोणीतरी मोठी शोधक. तिला म्हणावंसं वाटलं, अगं, मी चुकले होते, आणि ती चूक एकाच माणसाला माहीत होती, आणि तिने बोर्ड त्या चुकीसकट उचलून नेलं. पण मग मैत्रिणीचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि नात तिला चोर म्हणाली असती. ते मला चाललं नसतं. म्हणायचं असेल तर मीच म्हणेन.

"मुद्दाम दिलाय," मी म्हटलं. "वर धूळ बसते."

नात विचार करून म्हणाली, "भारी आयडिया आहे, आजी."

मी पाठीमागे बघितलं. खोकायला कोणी नव्हतं.