किसनमामाची हाळी

भूतबित मी कधी मानलं नाही. माझी श्रद्धा फक्त लोडशेडिंगवर — आणि ज्या दिवशी खरी गरज होती, नेमकं त्याच दिवशी ते आलं नाही. जे आलं, ते सांगतो...

आमचं गाव पालम, जिल्हा परभणी. गल्लीत एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. तिथं गल्लीचं म्युझियम करायचं, ही आयडिया माझीच. घरोघरच्या जुन्या वस्तू मांडायच्या आणि प्रत्येकीची गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात ऐकवायची. बायकोनं शांतपणे विचारलं, "तुमाला कोणत्या कोपऱ्यात मांडायलेत?"

सगळ्यात मोलाची ठरणार होती शेजारच्या किसनमामांची हाळी. मामा मेंढरं राखायचे. सांजच्याला त्यांनी एक हाळी दिली की माळभर पांगलेला कळप मागं यायचा. पण घरात बसून हाळी द्यायला ते तयार होईनात. खोटं बोलावलं की मेंढरांचं इमान उडतं म्हणे. म्हणून मीच माळावर गेलो. वाऱ्याचा आवाज नको म्हणून मोबाईल त्यांच्या घोंगडीत चार घड्या घालून गुंडाळला. घोंगडी उडू नये म्हणून वर स्वतः बसलो. मामांनी हाळी दिली, मेंढरं आली... रेकॉर्डिंगमध्ये मात्र थोडी खरखर आणि पुढं सगळं शांत! परत करू, परत करू म्हणता म्हणता मामाच गेले.

नंतर कळप त्यांच्या मुलाला, बबनला, जुमानेना. तो घसा फोडायचा, मेंढरं लोकांच्या कपाशीत. रोजच्या शिव्यांना कंटाळून त्यानं ठरवलं — येत्या बाजारी सगळी विकायची. त्याची आई माझ्याकडं आली.

"दिनकरा, उद्घाटनाला ह्यांची हाळी लाव. जित्राबं जायच्या आधी एकदा आइकू दे त्यायला."

मी मान डोलावली. फाईल रिकामी आहे, हे सांगायला तोंड उघडेना.

उद्घाटनाला सगळी गल्ली गिरणीपुढं जमली. दिवस कलला होता. बबन अजून कळपामागं माळावरच. माझी नजर बल्बवर... बल्ब ठणठणीत. शेवटी देवाचं नाव घेऊन फाईल लावली. स्पीकरमधून थोडी खरखर, पुढं काहीच नाही. तरी मंडळी गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती. पाहुण्यांनी तर डोळेही मिटले. फक्त गल्लीतले गफूरचाचा माझ्या कानात पुटपुटले, "कुछ सुनाई नै देरा रे."

माफी मागायला तोंड उघडलं आणि गल्लीच्या टोकाला घंट्या वाजल्या. पुढं म्होरकी शेळी, मागं अख्खा कळप. लोक बाजूला झाले. सगळी जनावरं स्पीकरपुढं येऊन माना वर करून उभी राहिली... फाईल संपेपर्यंत हूं नाही की चूं नाही. ती संपली, मग दाराचं तोरण आणि पाहुण्यांचे हार संपले. फीत कापायची राहिली होती, ती शेळीनं चघळली.

बबन धापा टाकत मागून आला. "गप चरायलते की. एकदम कान टवकारले अन् सुटलेच."

मेंढरं विकायचा बेत रद्द झाला. ती फाईल आता बबनच्या मोबाईलवर आहे. रोज सांजच्याला तो ती लावतो आणि कळप मुकाट मागं चालतो. परभणीच्या माझ्या इंजिनिअर भाच्यानं ती कॉम्प्युटरवर तपासली. खरखर सोडली तर आवाज शून्य. माणसाला ऐकू न येणारा आवाज असेल म्हणावं, तर तसाही नाही. मी गफूरचाचांच्या शेळीपुढं लावून पाहिली, तिनं माझा रुमाल खाल्ला.

कारण मला आजही माहीत नाही. शेवटी मामींपुढं कबूल केलं, की ह्यात आवाजच नाही, मला कधीच काही ऐकू आलेलं नाही. मामी मेंढरांना पाणी पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"तुला कामून आइकू यील? तुला कुटं बोलवायलेत ते?"