कल्दावीकचा गरम बोअर

रान्वेगला एक खोड होती. कुठंही गेली तरी ती आधी तळहात टेकवून बघायची, गार आहे की गरम. भिंत, मासळीचं खोकं, गाभण मेंढीचं पोट, शेजारणीच्या घरातली कॉफीची किटली, काहीही. कल्दावीक गावात या खोडीचं कुणाला नवल वाटत नसे. बाकी देशभर लोक जमिनीतून वर येणाऱ्या ऊन पाण्यावर घरं तापवत होते, बारा महिने उघड्यावर डुंबत होते, आणि या एका खाडीत जमीन हट्टानं गारच्या गार. घर विजेवर, अंघोळ विजेवर आणि गावचा पोहण्याचा तलावही विजेवरच.

तो तलाव रान्वेगच्या ताब्यात होता. चार ढांगांत संपणारा, छपराखालचा, शाळेला चिकटलेला. ती मूळची आतल्या खोऱ्यातली, मेंढपाळाची मुलगी. माशाच्या कारखान्यात कामाला म्हणून आली, ह्याल्तीशी लग्न करून इथलीच झाली. ह्याल्ती बोटीवर, तो महिनामहिना समुद्रात आणि ही महिनामहिना एकटी. पोहायला मात्र ती चांगली तिशी उलटल्यावर शिकली. स्वतःचा मुलगा पाण्यातून ओरडायचा, "आई, तू का नाही येत?" आणि ही काठावर टॉवेल घेऊन उभी. एक दिवस तिला स्वतःचीच लाज वाटली आणि कपड्यांसकट उतरली. पाणी अंगाला सगळीकडून धरतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोहणं शिकवणारे म्हातारे मास्तर गाव सोडून गेले तेव्हा त्यांची शिट्टी आपोआप हिच्या गळ्यात आली. त्यानंतर गावातलं प्रत्येक पोर हिच्या हातावर आडवं होऊनच तरंगायला शिकलं.

गावचा कारभार बघणारा स्काफ्ती हाही त्यातलाच. म्हणून तो तलावावर आला आणि टोपी हातात घेऊन घुटमळायला लागला तेव्हाच तिला कळलं, बातमी चांगली नाही.

"बोल की. लहानपणी माझ्या मानेला लटकून रडायचास, तेव्हा बरा आवाज निघायचा."

"रान्वेग, हा हिवाळा शेवटचा," स्काफ्ती म्हणाला. "तलावाची वीज गावाला झेपत नाही. पुढच्या वर्षी पोरांना बसनं पलीकडच्या खाडीत नेऊ."

"डोंगरावरचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. बसला पंख लावणार आहेस का?"

"एक वाट आहे," तो घाईनं म्हणाला. "सरकारची योजना आहे. गार मुलखात गरम पाणी शोधायचं असेल तर निम्मा खर्च सरकार देतं. आधी चार ठिकाणी बारीक बोअर मारायचे, काही आठवडे तसेच ठेवायचे, मग त्यात उष्णता मोजायची. आकडे बरे आले तर एकच खोल बोअर, त्यालाही निम्मा हात सरकारचा. मात्र उरलेला निम्मा गावानं घालायचा. पाणी नाही लागलं तर दोघांचेही बुडाले."

"आणि तेल लागलं तर?"

"तर मी तुला सोन्याचा तलाव बांधून देतो."

बारीक बोअर शरद ऋतूत मारून झाले. एक शाळेमागं, एक चर्चच्या कुंपणाशी, एक किनाऱ्यावर, गळाला लावायचं आमिष ठेवतात त्या कुबट शेडमागं आणि एक रान्वेगचा सासरा ओद्दुर याच्या मेंढवाड्याजवळ. सगळे सारखेच: जमिनीतून गुडघ्याएवढा वर आलेला लोखंडी पाइप आणि त्यावर झाकण. मोजमापाला राजधानीहून एड्डा नावाची भूगर्भतज्ज्ञ यायची होती. चष्मेवाली, हसतमुख, कायम नाक गळणारी.

पण तिच्या आधी बर्फ आला आणि गावानं स्वतःच मोजमाप केलं. मेंढवाड्याजवळच्या पाइपाभोवती बर्फ टिकेना. सगळीकडं पांढरं, आणि तिथं मात्र ताटाएवढा हिरवा गवताचा गोल. दुपारच्या उजेडात लोक फिरायला म्हणून निघत आणि नेमके तिथंच पोचत. हातमोजे काढून हात लावत.

"ऊन आहे!"

"तुझा हातच गार आहे. मला लावू दे."

"ओद्दुर, तुझ्या मेंढ्या आता पोहायला शिकणार बघ."

ओद्दुर वाड्याच्या दारात उभा राहून सगळ्यांना वाळवलेली मासळी वाटायचा. ऐंशीच्या घरातल्या माणसाकडं एवढे पाहुणे रोज येतात कुठं?

एड्डा बोटीनं आली, तारेला बांधलेला मापक प्रत्येक बोअरमध्ये हळूहळू सोडत गेली. मेंढवाड्याच्या बोअरपाशी तिनं नाक पुसलं, पुन्हा मोजलं.

"गंमतच आहे," ती रान्वेगला म्हणाली. "वरच्या थरात चांगलं गरम, खाली गेलं की गार आणि मग इतर ठिकाणासारखंच. एखाद्या भेगेतून ऊन पाणी वरच्या वर आडवं वाहत असेल. किंवा आणखी काही असेल. मला अजून सांगता यायचं नाही."

"आणि बाकीचे?"

"ते सावकाश बघते. हे सगळे आकडे शेवटी जाहीर करायचे असतात. सरकारचा निम्मा पैसा, म्हणजे आकडे साऱ्या देशाचे. पुढं कुणीही या खाडीत काही शोधायला आलं की आधी हेच वाचणार."

गावाला सावकाश बघायचं नव्हतं. खोल बोअर कुठं मारायचा आणि गावाचा निम्मा हिस्सा घालायचा की नाही, यावर सभा ठरली. मेंढवाडाच, यात कुणाला शंका उरली नव्हती. शंका फक्त कारखान्याच्या मालकिणीला, गेर्दुरला. ती पंचायतीवर होती आणि तिचं म्हणणं सरळ होतं: जमिनीत पैसे पुरून आजवर कुणाचं भलं झालंय?

रान्वेगचा जीव मात्र त्या हिरव्या गोलात अडकला होता. पाणी हवं होतं तिला, सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं. पण ती रोज जाता येता तिथं वाकायची आणि तिला एक गोष्ट समजत नव्हती. पाइपाशी जमीन ऊन, आणि एक पाऊल सरकलं की दगडासारखी गोठलेली. चुलीवरचं पातेलं तापलं तर त्याचे कान तापतात, शेजारची भांडीही कोमट होतात. ही कसली ऊब, जी पातेल्याबाहेर येतच नाही?

सभेच्या आदल्या दिवशी वादळ झालं. डोंगरावरची वीजवाहिनी नेहमीप्रमाणे तुटली आणि सकाळपासून गाव थंड पडलं. रान्वेग तलावावर जाऊन पाण्यावर झाकणं पसरून आली. परतताना मेंढवाड्यावरून आली आणि थबकली. पाइपावर बर्फाची टोपी चढली होती. हिरवा गोल गेला होता. सगळीकडं होतं तसंच तिथंही पांढरं.

तिनं हात लावला. लोखंड तळव्याला चिकटलं, इतकं गार.

दुपारी वीज आली. रान्वेग स्वैपाकघरात उकडायला टाकलेला हॅडॉक मासा तसाच सोडून पुन्हा तिथं गेली. बर्फाच्या टोपीच्या कडेला पाण्याचा एक थेंब लोंबत होता.

ती गुडघ्यावर बसली आणि पाइपाभोवतीचं हिरवळीचं ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं. इतकं बेमालूम बसवलेलं होतं, की बसवणारा, हिरवळ लावण्यात हातखंडा असलेला ओद्दुरच असणार. खाली पाइपाला वेटोळे घालून काळी तापणारी वायर होती, आणि ती मातीखालून थेट मेंढवाड्यात गेली होती. गावातल्या प्रत्येक घरात नळाला गुंडाळलेली असते तीच.

ओद्दुर जेवायला आला तोवर मासा फुटला होता. तिनं त्याच्या ताटात बटाटे वाढले, वर मेंढीची वितळवलेली चरबी ओतली. सासरा असला तरी ती त्याला नावानंच हाक मारायची. तिथं सगळेच मारतात.

"ओद्दुर, बोअरच्या पाइपाला वायर तू गुंडाळलीस?"

"मग कोण गुंडाळणार? ह्याल्ती तर समुद्रात." त्यानं काटा तोंडात घातला. "ते राजधानीचे लोक पाइप उघडा टाकून गेले. ऐन थंडीच्या तोंडावर! म्हटलं, गोठून फुटला तर आपल्याच जागेत फुटला म्हणतील."

"तो नळ नव्हता रे. मोजायला मारलेलं भोक आहे ते. त्यात गोठायला काही नव्हतंच."

"जमिनीतून वर आला तो पाइप. आणि पाइप गोठतो." मग त्याचा घास थांबला. "म्हणजे… ते सगळे हात लावून बघत होते ते…"

"तुझी वायर."

ओद्दुरचे खांदे हलायला लागले. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "चर्च सांभाळणाऱ्या बाईनं तर त्याला गाल लावला होता, रान्वेग! गाल!" मग हसू ओसरलं आणि त्यानं हळूच विचारलं, "आणि पाणी? पाणी नाहीच म्हणायचं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

"मग तू गप्प बस. उद्या ते पैसे घालायला तयार आहेत. वायर मी आज काढतो. कुणाला कळतंय?"

रान्वेगनं ताटं उचलली, नळाखाली धरली. मोह तिलाही झालाच. गावाचा उत्साह त्या गोलावर उभा होता. तो गेला की गेर्दुर बोट नाचवणार आणि वसंतात तलाव रिकामा होणार. गप्प बसलं तर निदान कुठंतरी खोदतील तरी. पण कुठं? जिथं काही नाही हे तिला ठाऊक आहे तिथंच. आणि मग खाडीत पाणी नाही असं साऱ्या देशाच्या कागदावर कायमचं लागेल, तेही एका वायरीपायी. शिवाय खरं सांगायचं तर तिला ते भोक दिसत होतं, काळं, खोल, आणि त्याच्या तळाशी काय आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

"काढू नकोस," ती म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर चल. आणि स्वच्छ स्वेटर घाल."

सभा शाळेच्या जेवणाच्या खोलीत होती. कॉफी, पातळ गोड धिरडी, वर मलई. स्काफ्तीनं सुरुवात करायच्या आत ओद्दुर उभा राहिला आणि म्हणाला, "मी पाइप गोठू नये म्हणून वायर गुंडाळली होती. विजेची. तुम्ही माझी वायर चाचपत होता." आणि खाली बसून धिरडं खाऊ लागला.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कळलं. हसता हसता एकाच्या नाकात कॉफी गेली. चर्चची बाई लालबुंद झाली. एड्डानं कपाळावर हात मारला, पण तीही हसत होती. "आडवी भेग! मी काल रात्री त्या भेगेचं चित्रसुद्धा काढलं."

"वायर त्यानं दिसू दिली असती तर तू चित्र काढलंच नसतंस," रान्वेग म्हणाली. "हिरवळ बसवण्यात याचा हात कोण धरणार?"

"चला, प्रश्न मिटला," गेर्दुर पर्स उचलत म्हणाली. "निम्मे वाचले. तलावाचं वाईट वाटतं, रान्वेग, खरंच वाटतं."

"थांब की. तुझी धिरडी तरी संपव." रान्वेग एड्डाकडं वळली. "वरचं सोडून दे. वायर खोलवर पोचत नाही. नुसतं खालचं बघितलं तर चौघांत कोण जास्त तापतंय?"

एड्डानं संगणक सगळ्यांकडं वळवला. चार रेघा होत्या. तीन एकमेकींना बिलगून, जवळजवळ सारख्या. चौथी त्यांच्यापासून फुटून बाजूला निघालेली, एकसारखी, कुठंही न वाकता.

"हा किनाऱ्यावरचा. जितकं खाली जाऊ तितका जास्त तापतोय. मी कालच बोलणार होते, पण सगळे मेंढवाड्याचंच बोलत होते."

"आमिषाच्या शेडमागं?" स्काफ्ती म्हणाला. "तिथं नाक धरल्याशिवाय उभंसुद्धा राहवत नाही."

"म्हणूनच कुणी हात लावायला गेलं नाही," रान्वेग म्हणाली.

"पण बर्फ तर तिथं ढीगभर आहे," कुणीतरी म्हणालं.

"ऊब खोल असली तर वर दिसत नाही," एड्डा म्हणाली. "खात्री मी देत नाही. पाणी लागेलही, नुसता गरम कोरडा दगडही लागेल. म्हणून तर सरकार निम्माच जुगार खेळतं."

हात वर करायची वेळ आली. पंचायतीतले निम्मे वर, निम्मे खाली. राहिली गेर्दुर. ती त्या चौथ्या रेघेकडं बघत होती. माशांच्या पेट्या तोलताना काट्याकडं बघायची तशीच, डोळे बारीक करून.

"ती रेघ पुढं कुठं जाते?" तिनं विचारलं.

"खोदल्याशिवाय कसं सांगू?"

"हेच. हेच मला नको होतं." गेर्दुरनं पर्स पुन्हा खाली ठेवली. "आता रोज तिथून कामाला जाताना मनात तेच येणार. खोदा बाई, खोदा. मला मरायच्या आधी कळू दे." आणि तिनं रागारागानंच हात वर केला.

उन्हाळ्यात यंत्र आलं. रात्रंदिवस उजेड आणि रात्रंदिवस घरघर. बोटीवरून सुट्टीवर आलेला ह्याल्ती म्हणाला, यापेक्षा इंजिनाशेजारी झोप चांगली लागते. आणि एका पहाटे घरघर थांबली तेव्हा त्या शांततेनंच सगळं गाव जागं झालं.

पाइपातून पाणी येत होतं. उसळत, फवारत नव्हे. भरलेल्या बादलीच्या काठावरून वाहावं तसं, पण न थांबता. वाफ नव्हती. लोक एकमेकांकडं बघत उभे राहिले. पुढं कोण जाणार?

रान्वेगनं बाही सारली आणि तळहात नव्हे, कोपर बुडवलं. न्हाऊ घालण्याआधी बाळाचं पाणी बघतात तसं.

"बाळाला चालेल," ती म्हणाली.

एड्डानं मापक बघून मान हलवली. "घरं तापवायला पुरायचं नाही, हे मी आधीच सांगते. पण तलावाला वर एक काडीही जाळावी लागणार नाही."

"म्हणजे घरची वीज आहे तशीच," स्काफ्ती जरा पडेल आवाजात म्हणाला. मागं दोघंतिघं कुरकुरलेही, एवढ्याचसाठी का एवढा खटाटोप. रान्वेगला ते ऐकूच गेलं नाही. ती अजून वाकलेलीच होती. पाणी बोटांमधून सोडत होती, पुन्हा धरत होती.

"हे पाऊस म्हणून कधी पडलं असेल गं?"

"हजारो वर्षांपूर्वी, बहुतेक. डोंगरावर पडलं, झिरपत खाली गेलं, तापलं आणि आज वर आलं."

"आणि याच्या खाली काय आहे?"

एड्डानं नाक पुसलं. "त्यासाठी नवा अर्ज करावा लागेल."

"मग त्या अर्जाचा कोरा कागद कुठं मिळतो?" रान्वेगनं विचारलं, आणि ओला हात अंगावरच्या स्वेटरला पुसला.