चारही लागल्या!

त्या वर्षी आमच्या घरचा ख्रिसमस चार आठवडे आधीच आटोपला.

ख्रिसमसआधीच्या चार आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, आम्ही हिरव्या फांद्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या ठेवतो आणि दर रविवारी एकेक वाढवत लावतो. धीर धरायला शिकायचं, मन तयार करायचं, असं फादर सांगतात. सिंदी मेघेतल्या घरात मी एकटाच. बायको देवाघरी, मुलगा पुण्याला. नात टिया फोनवर म्हणाली होती, "आजोबा, चौथी लागली की आम्ही येणार." लेकानं मात्र हो म्हटलं नव्हतं. तीन ख्रिसमस असेच गेले होते. मी आपला टियाच्या वाक्यावर जगत होतो.

पहिल्या रविवारी संध्याकाळी एक मेणबत्ती लावली आणि दूध उतू जाईल म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तेवढ्यात शेजारच्या सुशीलाबाई झुणका घेऊन आल्या. त्या नुकत्याच विहारातून परतल्या होत्या. तिथे सगळ्या मेणबत्त्या एकदमच लावतात. त्यांनी उरलेल्या तिन्ही लावून टाकल्या. वर मलाच विचारलं, "मास्तर, तीन काऊन सोडल्या? आगपेटी सरली होती का?"

मी तीन फुंकायला हव्या होत्या. (वर्गात पोरांना जन्मभर शिस्त शिकवलेला माणूस मी!) पण चार ज्योती पाहून मला मोह आवरला नाही. फोटो काढला आणि लेकाला पाठवला. खाली लिहिलं, 'चारही लागल्या!'

पाच मिनिटांत फोन. टिया भोकाड पसरून रडत होती. आम्हाला सोडूनच ख्रिसमस केला, म्हणे. लेक वैतागून म्हणाला की ती बॅग भरून दारात बसली आहे, आता हिला काय सांगू? मी सरळ सुशीलाबाईंचं नाव पुढे केलं. फोन स्पीकरवर होता आणि बाई समोरच उभ्या होत्या.

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "दादा, मेणबत्त्या मीच लावल्या. पण तुझे बाबा एकटे बसून राह्यले इथं. तू येऊन राह्यला का नाई, तेवढं सांग."

तीन वर्षं हेच विचारायचं मला धाडस झालं नव्हतं. लाज वाटली, आणि बरंही वाटलं. मग लेक म्हणाला, "सुट्टीचं बघतो, काकू."

सुट्टी मिळाली, पण ख्रिसमसनंतर दोन दिवसांनी. टियानं आल्या आल्या मेणबत्त्यांची थोटकं पाहिली आणि विचारलं, "ख्रिसमस कधी आहे?" मी म्हटलं, "आज."

जन्मभर उशिरा येणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी मात्र सकाळी सहापासून मीच फाटकाबाहेर उभा होतो.