येलदरीला निघालेली गठाण

सेलूच्या एका जिनिंगमधी रामलिंगअप्पा प्रेसवर कामाला. म्हंजे ढीगभर कापूस घ्यायचा, दाबदाब दाबायचा, त्याची गठाण करायची आन वरून पट्ट्या आवळायच्या. वर्षानुवर्षं हेच करून करून अप्पांना आता फुगलेलं काहीच बघवत नाही. गादी फुगलेली दिसली की जाऊन तिच्यावर बसतील. डब्यातला भात असा थापतील की दुपारी वडीसारखा कापून खावा लागतो. पाहुण्यांच्या लग्नात रुखवताच्या ट्रंकेचं झाकण लागेना झालं की लोक सरळ म्हणतात, अप्पाला बोलवा.

त्यांची पुतणी ईश्वरी परभणीला कॉलेजात. तिचा ग्रुप येलदरीला निघाला. धरणाकडच्या डोंगरात दिवसभर चालायचं आन रात्री तंबूत झोपायचं. योगीराज सरांचा नियम एकच, ज्याची बॅग त्यानं उचलायची, नाही उचलली तर स्टँडवरूनच घरी. ईश्वरी पहिल्यांदाच अशी जाणार होती, नुसती नाचायली होती. तिनं काकांचा हात धरला.

"काका, आईला सांगा ना, कमी दे म्हणून."

पण वहिनींना, म्हंजे ईश्वरीच्या आईला, नागूबाईंना, कमी सांगायची अप्पांची टाप नव्हती. वहिनींनी वाकळ काढली, दोन स्वेटर, शाल, कानटोपी, धपाट्यांची चळत, लिंगपूजेचं ताट, तांब्या, विभूती. "पूजा झाल्याबिगर पोरगी घास घेत न्हाई," वहिनी म्हणल्या. वर लोखंडी तवा.

"आई, तवा कशाला?"

"धपाटी गार झाल्यावर काय दगडावर गरम करतीस?"

"वहिनी, काहीच काढू नका," अप्पा म्हणले. "आन ईश्वरी, तू जाणार म्हंजी जाणार. मी हाय ना."

झालं, दोघींनाही शब्द देऊन बसले. बॅग भरली, वर पाट ठेवला आन वहिनींना म्हणले, "बसा."

"मी?"

"तुमच्याशिवाय या घरात वजन कुणाचं हाय?"

वहिनी बसल्या. अप्पांनी गुडघा लावला, जिनिंगमधली पट्टी आवळली आन बॅग दप्तराएवढी झाली. अप्पांच्या डोळ्यात पाणी आलं. खरंच आलं.

सकाळी ग्रुपची गाडी सेलूच्या स्टँडवर आली, अप्पा आन वहिनी दोघंही पोरीला सोडायला हजर. योगीराज सरांनी ती बॅग सगळ्या पोरांना दाखवली. "बघा रे, याला म्हणतात पॅकिंग." ईश्वरीनं बॅग पाठीवर घेतली आन तशीच मागं जाऊन खाली बसली. मैत्रिणींनी उचलून उभी केली. परत बसली.

"काका, काय भरलंय यात?" सरांनी अप्पांना विचारलं.

"कमीच हाय सर. एवढुशी तर दिसायलीय."

म्हणता म्हणता अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. रोज गठाणी वजनकाट्यावर चढवणारा माणूस, आन दाबून माल बारका होतो, हलका होत न्हाई, हे त्यांच्या ध्यानात आलं ते इथं.

"अर्धं काढा, नाहीतर पोरीला ठेवून घ्या. गाडी सुटायलीय," सर म्हणले.

ईश्वरी काकांकडं बघायली, वहिनीपण काकांकडंच. अप्पांनी चाकूनं पट्टी कापली. वाकळ अशी उसळली की कानटोपी उडून कंडक्टरच्या पायात. सगळी धपाटी चेपून एकच जाडजूड धपाटं झालेलं, त्याच्यावर तांब्याच्या बुडाचा गोल ठसा.

अप्पा खाली बसून काढायला लागले. वाकळ बाजूला. तवा बाजूला. ताट बाजूला.

"भाऊजी, ते ठेवा. पूजा कशी करंल पोरगी?"

"न्हाई वहिनी. इष्टलिंग गळ्यात हाय तिच्या, विभूती देतो. पाणी तर अख्खं धरण हाय."

वहिनी लग्न होऊन आल्यापासून भाऊजींनी त्यांना न्हाई म्हणलेलं हे पहिल्यांदाच. त्यांनी ताट उचलून काखेत मारलं.

एक स्वेटर, शाल, विभूती, पाण्याची बाटली आन धपाट्याचा कापलेला तुकडा, बस. बॅग ढिली, फुगलेली. अप्पांचे हात शिवशिवायले होते, त्यांनी ते खिशात घातले. ईश्वरी टुणकन गाडीत चढली, खिडकीतून हात हलवत ओरडली, "काका, लय भारी." गाडी गेली.

आता उरलेलं घरी न्यायचं कशात? अप्पांनी स्वेटर चढवला, कानटोपी घातली, वाकळ पांघरली, तवा हातात घेतला. ऊन चांगलंच तापलेलं. मोंढ्याच्या बाजारात तात्याराव आडत्यानं हटकलं, "अप्पा, एवढी थंडी?"

"पोरीला गाडीला सोडायला गेलतो," घामाघूम अप्पा म्हणले.

मागून ताट-तांब्या घेऊन वहिनी आल्या. "चला मुकाट्यानं. आन टोपी नीट ओढा, कान उघडे दिसायलेत."